टक्केवारी लेखी घेतल्याशिवाय ही बाटली कपाटात ठेवू नका
(नागपूर शहर आणि जिल्ह्यातील औषध विक्रेत्यांना खुले पत्र)

औषध विक्रेते बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मेलाटोनिन (झोपेचं संप्रेरक) घातलेली क्रीम, सीरम आणि केसांची सोल्यूशन आता धरमपेठेपासून सक्करदऱ्यापर्यंत मेडिकलच्या काउंटरवर दिसू लागली आहेत. "रात्री लावा, झोपेत त्वचा दुरुस्त होते" असं गिऱ्हाइकाला सांगितलं जातं. एकदोन ठिकाणी "रंगही उजळतो" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मी आयुष्यभर फार्मसी शिकवली आणि तुमच्यापैकी बरेच जण माझ्या वर्गात बसलेले आहेत, म्हणून हक्काने लिहिते आहे. कंपनीच्या माणसाकडून मेलाटोनिनची टक्केवारी लेखी घेतल्याशिवाय हा माल ठेवू नका. आणि विकायचाच असेल तर त्याचं खरं काम काय आणि कोणतं काम तो करत नाही, ते घेणाऱ्याला सांगून विका.

हे पत्र अन्न व औषध प्रशासनाला न लिहिता तुम्हाला लिहिण्यामागे कारण आहे. सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. किराणा दुकानदार, ब्युटी पार्लर, मोबाइलवरचं ॲप, कुणीही ते विकू शकतं. या सगळ्या विक्रेत्यांत फार्मसी शिकलेला माणूस फक्त तुमच्या दुकानात असतो. त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं तर फी आणि नंबर लावणं आलं. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत जायचं तर सकाळपासूनची रांग. त्यामुळे बहुतेक बायका आधी तुमच्याकडेच येतात. "भाऊ, गालावर वांग आले, काही चांगलं द्या ना," म्हणतात. त्या क्षणी तुम्ही जे बोलता ते त्यांच्या लेखी डॉक्टरचंच बोलणं असतं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच ठरवलं आहे. क्रीम औषध नसलं तरी समोरचा माणूस तोच असतो.

आता मूळ विषय. मेलाटोनिन हे थोतांड नाही, हे मी सर्वांत आधी स्पष्ट करते. झोपेचं संप्रेरक म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते फक्त मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीत तयार होतं असं नाही. आपली त्वचाही ते बनवते. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन, सेरोटोनिनपासून एन-ॲसिटिलसेरोटोनिन आणि त्यापासून मेलाटोनिन, ही सगळी साखळी चालवणारी एन्झाइम त्वचेच्या पेशींत आणि केसांच्या मुळांत सापडली आहेत. त्याचे रिसेप्टरही, म्हणजे पेशीतल्या त्याला ओळखणाऱ्या जागाही, तिथे आहेत. त्वचेला ते कशाला लागत असावं, याचं उत्तर उन्हात आहे. अतिनील किरण त्वचेवर पडले की पेशींत फ्री रॅडिकल तयार होतात आणि ते चरबी, प्रथिनं, डीएनए जे सापडेल त्यावर तुटून पडतात. मेलाटोनिन त्यांना निकामी करतं. विशेष म्हणजे हे करताना मेलाटोनिनचं विघटन होऊन जे पदार्थ तयार होतात, तेही पुढे तेच काम करत राहतात. शिवाय कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज अशा शरीराच्या स्वतःच्या रक्षक एन्झाइमांनाही ते जोर देतं.

त्वचेवर लावण्यामागेही तर्क आहे. तोंडाने घेतलेल्या गोळीतलं बरंचसं मेलाटोनिन यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. ते मोडणारं एन्झाइम, सीवायपी-१ए-२, तुम्हाला आठवत असेलच. रेणू मात्र लहान आहे, रेणुभार २३२. थोडा तेलात, थोडा पाण्यात विरघळणारा. त्यामुळे तो त्वचेच्या वरच्या मृत थरात शिरतो, तिथे साठून राहतो आणि हळूहळू खाली उतरतो. म्हणजे कल्पना पक्की आहे. माझी तक्रार कल्पनेबद्दल नाही. ती बाटलीत किती उतरली आहे आणि तिच्या नावाने काय विकलं जात आहे, याबद्दल आहे.

पहिला प्रश्न वेळेचा. झुरिकच्या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांनी नेमकं हेच तपासलं. वीस स्वयंसेवकांच्या त्वचेवर अतिनील किरण सोडले. काही जागी मेलाटोनिन पंधरा मिनिटं आधी लावलं होतं, काही जागी किरण सोडल्यावर एक मिनिटाने, अर्ध्या तासाने आणि चार तासांनी लावलं. जिथे आधी लावलं होतं तिथे लाली स्पष्टपणे कमी आली. नंतर लावलेल्या जागी काहीही फरक पडला नाही, अगदी एका मिनिटानंतर लावलं तरीही. १९९९ मध्ये दुसऱ्या एका गटाने मेलाटोनिनसोबत क जीवनसत्त्व आणि ई जीवनसत्त्वही उन्हानंतर लावून पाहिलं. उत्तर तेच आलं. फ्री रॅडिकलचा खेळ क्षणांत संपतो. रक्षक त्या वेळी जागेवर हजर नसेल तर नंतर येऊन उपयोग नाही.

मग "दिवसभराच्या उन्हाची भरपाई रात्री" हे वाक्य कशाच्या जोरावर छापतात? कंपन्यांच्या बाजूनेही एक गोष्ट आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की उन्हातून आल्यानंतरही रंग बनवणाऱ्या पेशींत डीएनएची हानी तीन तासांहून अधिक काळ चालू राहते. म्हणजे "नंतर" लावलेल्या एखाद्या घटकाला तत्त्वतः काम उरतं. पण ती निरीक्षणं प्रयोगशाळेतल्या पेशींवरची आणि उंदरांवरची आहेत. त्यावरून एखादं विशिष्ट नाइट क्रीम नागपूरच्या मुलीच्या गालावर ती हानी थांबवतं, असं सिद्ध होत नाही. मेलाटोनिन असलेल्या दिवस-रात्रीच्या क्रीमची एक चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. बावीस स्त्रियांनी अर्ध्या चेहऱ्यावर क्रीम लावलं, अर्धा तसाच ठेवला. तीन महिन्यांनी क्रीम लावलेल्या बाजूच्या सुरकुत्या कमी आणि ओलावा जास्त दिसला. पण दुसऱ्या बाजूला साधं क्रीमसुद्धा लावलेलं नव्हतं. नियमित कुठलंही बरं मॉइश्चरायझर लावलं तरी रुक्ष त्वचेवरच्या बारीक रेषा मऊ दिसतात. मग श्रेय मेलाटोनिनला किती द्यायचं?

आता टक्केवारीकडे येते, कारण सगळा गुंता तिथेच आहे. २०१६ मध्ये डेन्मार्कच्या गटाने दिव्याखाली नाही, तर खऱ्या उन्हात चाचणी घेतली. तीन वेगवेगळ्या ताकदींची क्रीम लावली: ०.५ टक्के, २.५ टक्के आणि १२.५ टक्के. दुपारच्या उन्हात प्लासिबोपेक्षा, म्हणजे मेलाटोनिन नसलेल्या क्रीमपेक्षा, खरा फरक पडला तो फक्त १२.५ टक्क्यांच्या क्रीमने. ०.५ आणि २.५ दोन्ही नापास. आता दुसरा आकडा बघा. सौंदर्यप्रसाधनांची सुरक्षितता पाहणाऱ्या युरोपीय संघाच्या शास्त्रीय समितीने २०१० मध्ये मेलाटोनिन ०.१५ टक्क्यापर्यंत सुरक्षित मानलं. म्हणजे प्रसाधनाच्या घरात जी मात्रा चालते, ती उन्हात उपयोगी ठरलेल्या मात्रेच्या ऐंशीहून अधिक पटींनी कमी. कागदावर दोन्हीकडे "मेलाटोनिन" एवढंच लिहिलेलं असतं. आणि ते ऊन डेन्मार्कचं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, नवतपा लागतो, वर्धा रोडवरचं डांबर मऊ पडतं. तिथे ०.१५ टक्क्याच्या भरवशावर कुणी सनस्क्रीन सोडलं किंवा दुपट्टा घरी ठेवला तर नुकसान तिचं होणार आहे.

तुम्ही म्हणाल, मॅडम, लेबलवर बघून घेऊ. लेबल बघूनही कळणार नाही. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले मात्र कोणत्याही क्रमाने छापले तरी चालतात. म्हणजे ०.००१ टक्के मेलाटोनिन असलं तरी ते त्या गटात सगळ्यांत वर मांडता येतं. टक्केवारी छापणं सक्तीचं नाही. आणखी एक मेख आहे: ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रव पॅकला आणि ३० ग्रॅमपेक्षा लहान क्रीमला घटकांची यादी देणंही बंधनकारक नाही. सीरमची बाटली सहसा ३० मिलिलिटरची असते, क्रीमची ट्यूब १५ किंवा २० ग्रॅमची. ज्या मालाला नेमकी ही माहिती हवी, तोच माल या सवलतीत बसतो. बऱ्याच कंपन्या तरीही यादी छापतात, ते चांगलंच आहे. पण मात्रा? ती तुम्ही विचारली तरच कळेल. तुमच्याकडे येणाऱ्या एमआरला (कंपनीच्या प्रतिनिधीला) ती ठाऊक नसेल तर त्याने कंपनीला विचारून पत्र आणावं. औषधाच्या स्ट्रिपवर मिलिग्रॅम छापलेले नसतील तर तुम्ही तो माल क्षणभरही ठेवणार नाही. इथे नियम सैल आहे म्हणून आपणही सैल व्हायचं कारण नाही.

रंग उजळण्याबद्दल सविस्तर लिहावं लागेल, कारण माझ्या मते सगळ्यांत जास्त फसवणूक तिथे होते. मेलाटोनिनचा शोधच मुळी त्वचेच्या रंगाच्या मागे लागून झाला. १९१७ साली मॅककॉर्ड आणि ॲलन या दोघांनी पिनिअल ग्रंथीचा अंश बेडकाच्या पिल्लांना खाऊ घातला, तेव्हा ती पिल्लं फिकट, जवळजवळ पारदर्शक झाली. चाळीस वर्षांनी येलमधले त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर त्या अंशातला नेमका पदार्थ शोधायला बसले. हजारो गायींच्या पिनिअल ग्रंथी गोळा करून १९५८ मध्ये त्यांनी मेलाटोनिन वेगळं काढलं. कोडासारख्या रंगाच्या आजारांवर काही हाती लागेल, ही त्यांची आशा होती. ती फळाला आली नाही. बेडकाच्या रंगपेशीत रंगाचे कण पेशीभर पसरतात किंवा मध्यभागी गोळा होतात. मेलाटोनिन मिळालं की ते गोळा होतात आणि कातडी काही मिनिटांत फिकी दिसते. माणसाची रंगपेशी तसं काम करत नाही. ती आपलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, शेजारच्या पेशींना वाटून टाकते. तिथे गोळा करण्यासारखं काही उरत नाही. १९७७ मध्ये लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्वचा काळवंडलेल्या पाच रुग्णांना रोज एक ग्रॅम मेलाटोनिन तोंडाने देऊन पाहिलं. एक ग्रॅम म्हणजे झोपेच्या नेहमीच्या गोळीच्या शेकडो पट. पाचांपैकी फक्त एकाचा रंग थोडा उतरला, आणि त्याला ॲड्रिनल ग्रंथीचा आजार होता. तेव्हा ०.१५ टक्क्याच्या क्रीमने गोरेपणा येईल असं सांगणं म्हणजे सरळ सरळ खोटं बोलणं आहे. गिऱ्हाइकांचा मेलाटोनिन आणि मेलॅनिन यांत गोंधळ होतो हे मला माहीत आहे. तुमचा होऊ नये.

ज्यांच्या गालावर वांग आहे, त्यांचा प्रश्न तर आणखी नाजूक. त्यांना उन्हाबरोबर दिसणारा प्रकाशही त्रास देतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन त्यांना जास्त उपयोगी पडतं. हे एवढं जरी तुम्ही सांगितलंत तरी महागड्या नाइट सीरमपेक्षा त्यांचं भलं होईल. आणि वर्षानुवर्षं या बायकांच्या हातात काय पडत आलं आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. स्टिरॉइड आणि रंग फिकट करणारं हायड्रोक्विनोन एकत्र असलेली ती ट्यूब. चेहरा आधी उजळतो, मग पातळ होतो, लाल पडतो, केस उगवतात, पुरळ येतं, आणि क्रीम बंद केलं की आगीसारखं जळतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या विरोधात मोठी मोहीम चालवली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये टाकली. ती चिठ्ठीशिवाय देणं बेकायदा आहे. तरीही काउंटरवरून ती जात राहिली, हे मला इथे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं. त्या ट्यूबच्या बदल्यात मेलाटोनिनचं क्रीम दिलं तर निदान चेहरा तरी जळणार नाही, असं एका जुन्या विद्यार्थ्याने मला सांगितलं. त्याची भावना चांगली आहे. पण वांगाची बाई तीन महिने निरुपयोगी क्रीम लावून निराश होते आणि परत त्याच ट्यूबकडे वळते. तिला पहिल्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा.

केसांच्या सोल्यूशनबद्दल थोडक्यात. त्यामागे खरी चाचणी आहे, २००४ मधली, जर्मनीतली. केस गळणाऱ्या चाळीस स्त्रियांपैकी काहींनी सहा महिने ०.१ टक्के मेलाटोनिनचं द्रावण लावलं, बाकीच्यांनी प्लासिबो. मेलाटोनिन लावणाऱ्यांत वाढीच्या अवस्थेतले केस वाढले, हे खरं. पण ज्यांना आनुवंशिक गळती होती, त्यांच्यात ही वाढ डोक्याच्या मागच्या बाजूला दिसली, भांगाजवळ नाही. भांग रुंद होतोय म्हणून येणाऱ्या बाईला हा तपशील सांगायलाच हवा. त्याआधी तिचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं आहे का, एवढंही विचारा.

साठवणुकीचं तर कुणी बोलतच नाही. मेलाटोनिन प्रकाशात आणि हवेत टिकत नाही, उष्णतेने ते आणखी लवकर खराब होतं. पारदर्शक काचेच्या ड्रॉपर बाटलीत आलेलं सीरम शोकेसमधल्या दिव्याखाली ठेवलं तर कंपनीने सांगितलेली टक्केवारीसुद्धा उरत नाही. गडद, हवाबंद, पंपाची बाटली असेल तरच घ्या. गंजीपेठेतल्या दवा बाजारातल्या घाऊक विक्रेत्यांना माझी वेगळी विनंती आहे: एप्रिल ते जून हा माल ट्रान्सपोर्टच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडून राहू देऊ नका. काटोल, नरखेड, उमरेडकडे जाणारी खोकी दुपारच्या गाडीने पाठवू नका. इन्सुलिनची काळजी तुम्ही घेता, तेवढी नको. पण खोकं उन्हात नको.

काही जणांना हे क्रीम देताना थांबा. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, लहान मुलांना, झोपेसाठी आधीच मेलाटोनिनच्या गोळ्या घेणाऱ्यांना डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. रेडिएशन चालू असलेले रुग्ण मानेवाडा रोडच्या कॅन्सर हॉस्पिटलकडून येतात, तेव्हा विशेष जपा. स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या स्त्रियांवर इस्राएलमध्ये झालेल्या चाचणीत मेलाटोनिनच्या मलमाने त्वचेची जळजळ कमी झाली, हे २०१६ साली प्रसिद्ध झालं आहे. कुणी नातेवाईक मोबाइलवर ती बातमी दाखवून तुमच्याकडे क्रीम मागेल. ते चाचणीसाठी बनवलेलं मलम होतं, दुकानातलं सुगंधी नाइट क्रीम नव्हतं. रेडिएशनच्या जागी काय लावायचं ते फक्त त्यांचे डॉक्टर ठरवतील.

आणि उन्हासाठी काय द्यायचं, तर जे आधीपासून सिद्ध आहे तेच. सनस्क्रीन, चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटं भरून, बाहेर निघण्याआधी, आणि दोन तासांनी परत. ज्यांना परवडत नाही त्यांना घट्ट विणीचा, गडद रंगाचा दुपट्टा पूर्ण चेहऱ्यावर. आपल्या मुली गाडीवर जाताना जो दुपट्टा गुंडाळतात, त्याला मी फार मान देते. त्याची टक्केवारी विचारावी लागत नाही. मेलाटोनिनचं क्रीम कुणाला हवंच असेल आणि कंपनीने लेखी मात्रा दिली असेल, तर सकाळी सनस्क्रीनच्या खाली लावायला सांगा. पुरावा आहे तो आधी लावण्याचा.

शेवटी तुमच्या संघटनेकडे एक मागणी. एकेकट्या दुकानदाराने एमआरशी वाद घातला तर तो शेजारच्या दुकानात जातो. त्याऐवजी जिल्ह्याच्या पातळीवर कंपन्यांना एकच पत्र जाऊ द्या: मेलाटोनिन नेमकं किती टक्के, दाखवलेला परिणाम त्याच टक्क्यावर तपासला आहे का, आणि आपल्या उन्हाळ्याच्या तापमानात किती महिने टिकतं. ज्या कंपन्या उत्तर देतील त्यांचा माल ठेवा. ज्या खोटा दावा छापतील त्यांचं पॅक आणि जाहिरात जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात तक्रार द्या. ग्राहकाची दिशाभूल करणारा दावा सौंदर्यप्रसाधनावर करता येत नाही, हे नियमातच आहे. पत्राचा मसुदा मी लिहून द्यायला तयार आहे. मार्च उजाडायच्या आत तो गेला तर येणाऱ्या उन्हाळ्याच्या मालाबद्दल उत्तर मागता येईल.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
फार्मसीची एक निवृत्त शिक्षिका
नागपूर